पांझरा न ओलांडण्याचे सात दिवस

अक्काला कुत्रं चावल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. तेही तिच्याकडून नाही. गुरुवारी दुपारी दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या या थोरल्या बहिणीचे यजमान. कामाशिवाय फोन करणाऱ्यांतले नव्हेत. त्या दिवशी त्यांनी आधी जळगावातलं ऊन विचारलं, मग माझ्या पोरांच्या परीक्षा विचारल्या, आणि मग म्हणाले, "तुझ्या बहिणीला समजाव. सोमवारी हाताला कुत्रं चावलंय. सुई घेत नाही."

मी विचारलं, कुठला हात. उजवा. किती खोल. तळव्यात दोन दात रुतलेत, करंगळीखाली फाटलंय. कुत्रं कुठलं. गल्लीतलंच, रोज दारात भाकरी खाणारं. आता कुठे आहे.

"नानांनी बांधून ठेवलंय," दाजी म्हणाले. "दहा दिवस बघणार म्हणे."

प्रश्न सवयीने येत होते. बावीस वर्षं मी पेपरात आहे; फोन कानाला लागला की हात कागदाकडे जातो. शेवटचं उत्तर लिहून झाल्यावर मी तो कागद पाहिला. अपघाताच्या बातमीसाठी जशी टिपणं काढतो, तशीच ती होती. वृत्तसंपादकांना घरी अडचण आहे एवढं सांगून मी मेहरूण भागातल्या माझ्या घरी गेलो, कपड्यांची पिशवी घेतली आणि धुळ्याची बस पकडली. पारोळ्यापर्यंत जागा मिळाली नाही.

नानांना मी ओळखत होतो. धुळ्यातले पत्रकार त्यांना ओळखतातच. देवपुरात राहतात, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेत. त्यांच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी एक मंडळ जमतं. या मंडळाची सुरुवात एका कुलपापासून झाली. जवळचं सरकारी आरोग्य केंद्र दुपारी बाराला बंद व्हायचं. नानांनी रोज बाराच्या ठोक्याला त्या कुलपाचा फोटो काढायला आणि वरच्या अधिकाऱ्यांना पाठवायला सुरुवात केली. महिनाभर पाठवले. पुढे ते केंद्र संध्याकाळपर्यंत उघडं राहू लागलं. त्यानंतर लोक नानांकडे यायला लागले: गोळ्या मिळत नाहीत, परिचारिका खेकसते, तपासणीचा कागद हरवला. नाना प्रत्येकासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहीत. उत्तर यायचं ते अर्धवट, आणि त्यातला खोटेपणा नाना ओट्यावर वाचून दाखवत.

कागदावर खोटं बोलणारं खातं सुईत तरी खरं काय घालत असेल, हा प्रश्न मंडळात पहिल्यांदा कोणी विचारला ते मला माहीत नाही. पण दोन वर्षांत मंडळाची पत्रकं बदलली. आधी त्यांत 'लस वेळेवर द्या' असं होतं. पुढे 'लस घेण्याआधी विचार करा' असं आलं.

आणि नानांच्या घरात आजोबांपासून कुत्र्याच्या चाव्यावर एक मुळी होती. ती उगाळून काढा करायचा. सात सकाळी अनशापोटी घ्यायचा. त्या सात दिवसांत मीठ नाही, तेल नाही, सुई नाही आणि वाहतं पाणी ओलांडायचं नाही. सोबत कुत्रं दहा दिवस बांधून बघायचं. हे दहा दिवसांचं कलम नानांनी आरोग्य खात्याच्याच पत्रकातून घेतलं होतं. त्या पत्रकात लिहिलं होतं की जखम लगेच साबणाने धुवा, इंजेक्शन त्याच दिवशी सुरू करा आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. नानांनी फक्त शेवटचं ठेवलं. चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतात, ती दहा दिवसांनी जिवंतच असतात. मंडळात मात्र प्रत्येक वेळी काढा लागू पडला असं धरलं जायचं.

अक्का या मंडळाच्या बायकांची पुढारी होती. मी धुळ्यात वार्ताहर असताना जिल्हा परिषदेत एकदा सुनावणी झाली, तिथे मी हजर होतो. लसीच्या फ्रिजचं तापमान कोण बघतं, असं तिने अधिकाऱ्यांना विचारलं. अधिकारी हसले. "ताई, तुमच्या घरच्या फ्रिजला आहे का थर्मामीटर?"

"माझ्या फ्रिजात भेंडी असते साहेब," अक्का म्हणाली. "लस नसते."

सभागृह हसलं. ते वाक्य मी चौकटीत छापलं होतं. त्याच आठवड्यात मी दुसरी एक बातमी दिली: एका आरोग्य केंद्रात कुत्र्याच्या चाव्याची लस संपली आहे आणि फ्रिज बंद आहे. दोन कॉलमची, माझ्या नावाने. बातमी खरी होती. मी स्वतः जाऊन बंद फ्रिजचं दार उघडून पाहिलं होतं.

देवपुरात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अक्का ओसरीत बसून डाव्या हाताने मेथी निवडत होती. उजवा हात मांडीवर, त्यावर हिरवट लेप वाळून भेगाळलेला.

"कसाले उना रे?" ती म्हणाली; कशाला आलास, असं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. ती रागावली की मात्र शुद्ध मराठीत येते. "यांनी फोन केला ना? माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"जखम धुतली होतीस?"

"लेप धुवायचा नसतो."

"आधी. लेप लावायच्या आधी."

तिने मेथीची काडी मोडली. "पदराने पुसली."

दाजी आतून बोलले, "देवपुरातल्या डॉक्टरांना मी विचारून आलोय. सुई त्यांच्याकडे आहे. पण हाताच्या जखमेत एक वेगळं औषध भरावं लागतं म्हणाले, ते पांझरेपलीकडच्या मोठ्या दवाखान्यातच मिळेल. नदी ओलांडायची तर ही म्हणते पथ्य मोडतं. पात्रात पाणी आहे का? गुडघाभर डबकी. त्याला नदी म्हणायचं?"

"नदी ती नदीच शे," अक्का म्हणाली.

मी तिला समजावलं. जे माहीत होतं ते सगळं क्रमाने सांगितलं: हा रोग एकदा उमटला की त्यावर औषध नाही, हाताला चावा म्हणजे धोका जास्त, एकेक दिवस मोलाचा. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर ती उठली, आतल्या खोलीतून एक कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं कात्रण होतं ते. माझ्या नावाची दोन कॉलमची बातमी.

"हे घेऊन मी घरोघर गेलेय," ती म्हणाली. आता ती शुद्ध मराठीत बोलत होती. "लोक विचारायचे, खरं कशावरून? मी सांगायचे, माझ्या भावाने डोळ्याने पाहिलंय. तूच लिहिलंस ना फ्रिज बंद आहे?"

"त्या दिवशी बंद होता. तिसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. नवी लसही आली."

"ते कुठे छापलंस?"

छापलं नव्हतं. दुरुस्तीची बातमी मी चार ओळींत लिहिली होती. त्या दिवशी पानावर जाहिरात वाढली आणि चार ओळी गेल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दिल्या नाहीत, कारण दुरुस्त झालेल्या फ्रिजची बातमी शिळी झाली होती. यातलं कोणी चुकीचं वागलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

"नाही छापलं," मी म्हणालो.

"मग आज मला कसं सांगतोस?"

दाजी दारात उभे होते. अक्काने कात्रण पाकिटात सरळ केलं आणि मेथीची परात घेऊन आत गेली. जेवायला तिच्या ताटात बिनमिठाचं वरण होतं.

शुक्रवारी सकाळी सहाच्या सुमारास मी नानांच्या घरी गेलो. कुत्रं स्वतः बघायचं एवढंच डोक्यात होतं. जिवंत आणि धडधाकट दिसलं असतं तर मलाच बरं वाटलं असतं. नाना परसात खुर्ची टाकून बसले होते. पत्र्याच्या आडोशाला साखळी होती. साखळीला काही नव्हतं. पाण्याचं मडकं भरलेलं होतं आणि कडुनिंबाखाली माती नुकतीच खणून दाबलेली दिसत होती.

"या पत्रकार. चहा ठेवायला सांगतो."

"कुत्रं कुठाय नाना?"

"गेलं."

"सुटून?"

"गेलं म्हणतोय मी." त्यांनी कडुनिंबाकडे बोट दाखवलं. "पहाटे. मीठ घालून पुरलं."

पुरलेल्या कुत्र्याची तपासणी आता कोण करणार होतं? आधी कळवलं असतं तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून ती होऊ शकली असती. हे मी बोललो नाही, कारण ते नानांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी मला दिवसवार सांगितलं, वर्गात सांगावं तसं. मंगळवारपर्यंत खात होतं. बुधवारी खाणं सोडलं, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलं. गुरुवारी खालचा जबडा लोंबायला लागला, लाळ गळत होती, पाणी गिळता येत नव्हतं.

"मी हे मुलांना शिकवलंय," ते म्हणाले. "फळ्यावर आकृती काढून."

"मग अक्काला काल का नाही सांगितलं?"

"सात दिवस पुरे होऊ द्या म्हटलं. आज पाचवा."

"आणि आठव्या दिवशी काय सांगणार होतात?"

घरातून कपबशीचा आवाज आला, तसे ते पुढे झुकले. "हे छापणार तुम्ही?"

बातमी उघड होती: आरोग्य खात्याला धारेवर धरणाऱ्या मंडळाच्या प्रमुखाने पिसाळलेल्या कुत्र्याचा मृत्यू दडवला. शीर्षकही तयार होतं. आणि ती छापून यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ लागली असती. अक्काला तेवढा वेळ नव्हता. माझ्या तोंडून कळलं असतं तर तिने मानलंही नसतं.

"तुम्ही आत्ता माझ्याबरोबर या," मी म्हणालो. "तिला तुमच्या तोंडाने सांगा. मी छापत नाही."

बातमीचा असा सौदा मी त्याआधी कधी केला नव्हता.

नाना उठले. चप्पल शोधताना त्यांच्या उजव्या हाताकडे माझं लक्ष गेलं. बोटांच्या पेरांना चिरा होत्या, हिवाळा संपला तरी न भरलेल्या.

"कुत्र्याला बांधलं कोणी?"

"मीच."

"नंतर हात लावला होता?"

"बुधवारी तोंडात बोटं घालून पाहिलं," ते म्हणाले. "घशात हाड अडकलंय असं वाटलं."

अक्का ओसरीच्या पायरीवर बसली होती. हातात काढ्याची वाटी, पाचव्या सकाळची. नाना अंगणातच उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. अक्का ऐकत होती, जशी सुनावणीत ऐकायची, मान थोडी तिरकी करून.

"तोंडात हात घातला तुम्ही?" तिने विचारलं.

"हो."

"बुधवारी."

"हो."

"मग काढा घेतला?"

नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"नाना, मी विचारतेय. बुधवारपासून तुम्ही काढा घेताय का?"

"नाही," नाना म्हणाले. "लक्षात नाही आलं."

अक्काने वाटीत पाहिलं. मग ती वाटी पायरीवर ठेवली, सावकाश, सांडू न देता. "चला," ती म्हणाली.

"जा तुम्ही. हा भाऊ आहे बरोबर," नाना म्हणाले.

"तुम्हीपण."

"मी मागाहून जाईन. मला तिथे सगळे ओळखतात अक्का. मी त्यांच्यावर—"

"ओळखू द्या. तुम्ही येत नसाल तर मीपण इथेच बसते. सातवा दिवस रविवारी आहे. दोघं मिळून बघू."

दाजी ओरडले, "अगं, त्याच्या नादाने तू कशाला मरतेस!"

"तुम्ही मधे बोलू नका."

मी घड्याळाकडे पाहिल्याचं मला आठवतं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. नाना अंगणात आणि अक्का पायरीवर. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. अक्काला ओढून नेता येणार नाही हे मला कळत होतं. लहानपणापासून कळत होतं. मी नानांना म्हणालो, "हात जोडू का?" ते म्हणाले, "नको." मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि दाजींना म्हणाले, "रिक्षा बोलवा."

पुलावर रिक्षा गाड्यांच्या मागे अडकली. खाली पांझरेत जागोजागी डबकी होती आणि एक माणूस म्हशी धूत होता. अक्काने एकदा तिकडे पाहिलं, मग उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

मोठ्या दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या खोलीबाहेर रांग होती. तिथल्या परिचारिकेने नानांना लांबूनच ओळखलं. त्यांच्या एका अर्जावर तिला खुलासा द्यावा लागला होता.

"नाना! आज कशाचा अर्ज?"

"आज हात आणलाय," नाना म्हणाले.

तिने हात पाहिला, अक्काचा पाहिला, आणि तिचं हसणं गेलं. अक्काला तिने नळाखाली उभं केलं आणि लेप साबणाने धुवायला लावला, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. लेप निघाल्यावर खालची जखम दिसली, कडांनी पांढरी पडलेली. परिचारिका पुटपुटली, "माय वं, पाच दिवस!"

नानांची पाळी आली तेव्हा ते हात पुढे करेनात. "लस ज्या फ्रिजातून आणली, त्याच्या तापमानाची वही दाखवा."

"नाना, आत्ता?"

"आत्ताच."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाबा, कुत्रं तुम्हाला चावलं का फ्रिजला?" रांग हसली. परिचारिकेने वही आणून आपटली. नानांनी चष्मा लावला, महिनाभराच्या नोंदी बोट फिरवत वाचल्या, सकाळची आणि संध्याकाळची. मग बाटलीवरची मुदत वाचली. मग अक्काला म्हणाले, "ठीक आहे. घ्या." आणि स्वतःची बाही वर केली.

जखमेत औषध भरताना अक्काने माझा दंड धरला होता. तळव्यात, करंगळीच्या मुळाशी, पुन्हा तळव्यात. तिने आवाज केला नाही. माझ्या दंडावर चार नखांच्या खुणा आठवडाभर होत्या. डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत. "लक्षणं यायच्या आत आलात, हे महत्त्वाचं," ते म्हणाले. "पुढच्या तारखा चुकवू नका. पण पाच दिवस गेलेत. जखम हाताची आहे. पाणी गिळताना त्रास झाला किंवा तब्येतीत काही वेगळं वाटलं तर लगेच या." किती दिवस लक्ष ठेवायचं, असं दाजींनी विचारलं. हा रोग काही आठवड्यांत दिसतो, काही महिन्यांतही, क्वचित त्याहून उशिरा, असं त्यांनी सांगितलं.

तारखा दोघांनीही चुकवल्या नाहीत. नाना दर वेळी मागच्या गल्लीने येत आणि पुलाच्या तोंडाशी अक्काला भेटत.

मी शब्द पाळला, छापलं नाही. त्यामुळे लोकांना एवढंच माहीत आहे की मंडळात काढा का कोण जाणे बंद झाला. आजही कोणी चाव्यावर मुळी मागायला आलं की नाना "मुळी संपली" म्हणतात, आणि दवाखान्यात जा म्हणून चिठ्ठी लिहून देतात. मुळी का संपली ते सांगत नाहीत. दाजींनी ऐकलंय, नदीकाठच्या वस्तीतला एक माणूस ती दुसरीकडून मिळवून देतो. त्याच्याकडे जाणाऱ्यांना कडुनिंबाखाली काय पुरलंय ते माहीत नाही. माहीत व्हायचं तर माझ्याकडूनच झालं असतं. मंडळाचे अर्ज चालू आहेत. रविवारची बैठकही.

जखम भरली. करंगळी पूर्ण मिटत नाही, त्यामुळे भाकरी थापताना अक्काचा हात थोडा वाकडा पडतो. मी दर महिन्याला देवपुरात जातो. पूर्वी सणासुदीला जायचो. मी गेलो की ती चहा ठेवते, दोन कप भरते, एक माझ्यापुढे सरकवते. दाजी पेपर वाचत असतात, पण पान उलटत नाहीत. ती कप उचलते, फुंकर घालते, ओठांना लावते. पहिला घोट तिच्या घशाखाली उतरेपर्यंत मी माझ्या कपाला हात लावत नाही.

मागच्या खेपेला तिने कप तसाच अधांतरी धरला.

"काय देखी राह्यना रे?"

"काही नाही."

तिने दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग कप तोंडाला लावून सगळा चहा एका दमात प्यायली, गरम, आणि ठसका लागला. दाजी खुर्चीवरून अर्धे उठले. ती डोळे पुसत, हात हलवत म्हणाली, "बस ना भो. चटका बसना, दुसरं काही नही."

दाजी खाली बसले. आम्ही दोघं तिचा ठसका थांबायची वाट बघत राहिलो.